दारावरची पंगत

माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या घराचं दार काढून बघावं. आपलं घर नेमकं कुठे संपतं, हे त्याशिवाय कळत नाही. हे मी आज सांगतोय. त्या शनिवारी सकाळी सुतार माझ्या दाराच्या बिजागऱ्या सोडवत होता आणि ही स्वयंपाकघरातून "अजून विचार करा, अजून एक बिजागरी बाकी आहे" असं बजावत होती, तेव्हा शहाणपण माझ्याकडे औषधालाही नव्हतं.

सगळं सुरू झालं लंबूच्या फोनमुळे. लंबू माझा जुना मित्र. उंचीने तो माझ्या खांद्याला लागतो, पण तरुणपणी पडलेली नावं कोणी उंची मोजून ठेवत नाही. तो म्हणाला, "सासूबाई रविवारी दुपारी तुझ्याकडे यायला तयार झालाय. पण आधीच सांगून ठेवलंय, जेवणार नाही. चहा घेईन आणि निघेन."

सासूबाई हाही आमचा मित्रच, चांगला जाड मिशीचा. ताट धुऊन कोरडं पुसलेलं नसलं तर वाढलेला भात परत पातेल्यात टाकायला लावायचा, म्हणून हे नाव. त्याची बायको, आमच्या वहिनी, जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून हा गृहस्थ ओट्यापाशी उभा राहून पातेल्यातूनच जेवतो, असं लंबूने सांगितलं. कोणी बोलावलं तर जातो, पण ताटावर बसत नाही. लंबूने फारच टोकलं तेव्हा म्हणाला, "बसलं की समोर कोणीतरी लागतं रे."

हे ऐकल्यापासून मला घास गोड लागेना. ज्याने आम्हांला भांडी धुवायला शिकवलं, तो पातेल्यातून खातोय. काहीही करून रविवारी त्याला बसवायचा आणि जेवू घालायचा, एवढंच मी ठरवलं. यात काय अवघड आहे, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं.

आता यात दार कुठून आलं ते सांगायला हवं. आम्ही तिघे विशीत असताना कंपनीने आम्हांला परदेशी एका कागदगिरणीत नवं यंत्र शिकायला पाठवलं होतं. (ते यंत्र आमच्या कंपनीत कधी आलंच नाही. आम्ही मात्र ते चालवायला तयार होऊन बसलो, ते अजून तयार आहोत.) राहायला एका धोबीदुकानावरची खोली मिळाली. खाली दिवसभर इस्त्र्या चालायच्या आणि त्यांची ऊब लाकडी जमिनीतून वर यायची. संध्याकाळी कामावरून परतल्यावर आम्ही आधी बूट काढायचो आणि कितीतरी वेळ नुसते तळवे टेकून उभे राहायचो. अंगाला ओल्या कागदाच्या लगद्याचा वास, खिडकीबाहेर धुकं आणि पायाखाली परक्या लोकांच्या शर्टांची ऊब. अजूनही झोप लागायच्या आधी कधीकधी माझे तळवे गरम होतात.

त्या खोलीत टेबल नव्हतं. जिन्याखाली घरमालकिणीने काढून ठेवलेलं एक जुनं दार होतं. ते आम्ही दोन ट्रंकांवर आडवं टाकलं आणि भोवती मांडी घालून बसलो. त्याला कुलपाचं भोक होतं, त्यातून मीठ खाली सांडायचं. एका बाजूला पितळेची मूठ होती, ती ताटांच्या मध्ये पाहुण्यासारखी बसायची. मुठीपाशी जो बसेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची, असा लंबूने कायदा केला. रोज आम्ही दोघं ती जागा चुकवायला धावायचो आणि रोज सासूबाई "पुन्हा मीच का?" असं कुरकुरत तिथेच बसायचा. खरं म्हणजे आमच्या हातची भांडी त्याला पटत नसत. पण तसं कबूल केलं तर अन्याय झाल्याचं सुख गेलं असतं.

जेवण काय असायचं म्हणाल तर भात, बटाटा आणि कधी अंडं. एकदा घरमालकीण आमच्या हसण्याची तक्रार करायला वर आली. तिची भाषा आम्हांला कळत नव्हती, आमची तिला. तिने दाराकडे पाहिलं, मग ताटांकडे पाहिलं. रागावून काहीतरी म्हणाली आणि स्वतःच्याच दारापाशी बसली. त्यानंतर ती दर आठवड्याला तक्रार करायला यायची आणि येताना सूप घेऊन यायची.

पुढे घरी परतलो. लग्नं झाली, नोकऱ्या बदलल्या, टेबलं आली. एकमेकांकडे जेवणंही झाली, चांगली झाली. पण टेबल आलं की त्याच्याबरोबर खुर्च्या येतात, आणि खुर्च्या आल्या की माणसं नीट बसतात. आता तर आमच्या टेबलावर माझ्या गोळ्या, हिचं शिवणकाम आणि एक बंद पडलेलं घड्याळ जेवतं. आम्ही सोफ्यावर जेवतो. त्या टेबलावर मी सासूबाईला कुठल्या तोंडाने बसवणार होतो?

म्हणून दार. आतली दारं पोकळ आहेत आणि त्यांच्यावर फुगीर नक्षी आहे, वाटी ठेवली तर घरंगळेल. न्हाणीघराचं दार प्लास्टिकचं, त्याविषयी न बोललेलं बरं. सपाट, भरीव, जेवणाच्या लायकीचं दार घरात एकच होतं, आणि दुर्दैवाने तेच घराचंही दार होतं.

"साहेब, प्लायची फळी देतो की आणून," सुतार म्हणाला.

"फळी म्हणजे दार नव्हे," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे बघितलं. हिने मान हलवली, म्हणजे 'असंच आहे, चालू द्या'. लग्नाला इतकी वर्षं झाली की बायकोच्या मानेचं भाषांतर सुतारालाही येतं.

दार निघालं तेव्हा जिन्यावरून सेक्रेटरी येत होते. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेत आणि खिशात अजून मोजपट्टी बाळगतात. त्यांनी आधी मोकळी चौकट मोजली, मग भिंतीला टेकलेलं दार मोजलं. दोन्ही मापं जुळली याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

"परवानगी?"

"माझ्याच घराचं दार आहे."

"दाराची आतली बाजू तुमची. बाहेरची बाजू जिन्यात येते, म्हणजे सामाईक. तुम्ही सोसायटीची अर्धी मालमत्ता काढलीत."

"आणि मधलं लाकूड?"

"त्यावर बैठक झालेली नाही," ते गंभीरपणे म्हणाले. कारण विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं. मित्र, कागदगिरणी, ओटा, पातेलं. ते बराच वेळ मोजपट्टी उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "आतली बाजू वर ठेवून जेवलात तर माझी हरकत नाही. बाहेरची बाजू वर ठेवलीत तर मात्र ते सामाईक जागेतलं जेवण होईल, त्याला नियम आहेत. मी उद्या येऊन बघेन."

एवढ्यात सुताराला फोन आला. त्याच्या मेव्हण्याच्या दुकानाची फळी कोसळली होती. "आलोच" म्हणून तो गेला आणि जाताना बिजागऱ्यांचे सगळे स्क्रू खिशात घेऊन गेला. सुताराच्या 'आलोच'मध्ये किती ऋतू मावतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला माझी अवस्था सांगायला नको.

दार नसलेल्या घरात कसं यायचं हे कोणालाच कळत नाही. समोरच्या काकू रोज न विचारता आत येतात, त्या उंबऱ्याबाहेर थांबून खोकत राहिल्या. कुरियरवाला माझ्या डोळ्यांत बघत बेल वाजवत राहिला. मी "आलो" म्हणून उठलो, दोन पावलं चाललो आणि त्याच्यासमोर उभा राहिलो, तेव्हा कुठे त्याने पाकीट दिलं. हिने चादर लावून बघितली, तर वाऱ्याने ती फुगून जाणाऱ्या-येणाऱ्यांना कवटाळायला लागली. शेवटी मी खुर्ची टाकून चौकटीत पहाऱ्याला बसलो. पदवीधर माणूस, पण दोघांनी मला लिफ्ट चालू आहे का विचारलं आणि एक बाई "डॉक्टर कधी बसतात?" म्हणून शेजारी बसल्या. त्यांना गुडघेदुखी होती. मी होती तेवढी माहिती दिली.

काकूंचा सल्ला असा पडला, की दार गेलंच आहे तर जाड पडदा लावावा, घर मोठं दिसतं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं, की त्यांच्या ओळखीत एकाने असंच दार काढलं होतं आणि पुढे त्याचं फार वाईट झालं. काय झालं ते आठवत नव्हतं, पण वाईट झालं होतं.

दुपार कलली आणि जिना शांत झाला. मी चौकटीत बसल्या बसल्या पेंगायला लागलो. एका बाजूने घरातला भाताच्या वाफेचा वास येत होता, दुसऱ्या बाजूने जिन्यातला गार वारा. मधेच वाटायचं, आता जिन्यावर जड पावलं वाजतील आणि ती घरमालकीण सुपाचं भांडं दोन्ही हातांत धरून तक्रार करायला येईल. बघता बघता मला तिचा चेहरा दिसेना, नुसतं भांडं दिसायला लागलं आणि त्यातून वर येणारी वाफ. तरुणपणातली माणसं अशीच जातात, आधी चेहरा, मग आवाज, आणि त्यांनी वाढलेलं तेवढं राहतं. ती आता या जगात नसेल. मी तिला धन्यवाद म्हणायला तिच्या भाषेतला शब्दही शिकलो नव्हतो. जाग आली तेव्हा मांडीवर कोणीतरी वर्तमानपत्र ठेवून गेलं होतं आणि तळवे गरम झाले होते. ऊन पायांवर आलं होतं, एवढंच.

त्या रात्री आम्ही सोफा उंबऱ्यात आडवा लावला आणि त्यावर मी झोपलो. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखं नाही.

रविवारी लंबू सकाळीच आला. आम्ही दोघांनी दार दोन पेट्यांवर ठेवलं, सेक्रेटरींच्या हुकमाप्रमाणे आतली बाजू वर. माझ्या नावाची पाटी खाली जमिनीकडे तोंड करून गेली. वर कडी, मूठ आणि बघायचं भिंग. हिने भिंगाभोवती वाट्या मांडल्या. लंबू दारापाशी मांडी घालून बसला आणि मुठीवर हात ठेवून राहिला. एरवी तो झोपेतही बोलतो.

सासूबाई वेळेवर आला. वाळला होता. मिशी तेवढी होती, तिच्यामागचा माणूस कमी झाला होता. टकटक करायला त्याने हात उचलला आणि तो हवेतच राहिला.

"दार कुठंय?"

"आत आहे," मी म्हणालो. "वाढलंय."

तो आत आला. त्याने दाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता बसेल. लंबूलाही वाटलं. सासूबाई खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी चहा घेईन फक्त."

ही चहा करायला गेली. मी बोलायला तोंड उघडलं तर लंबूने माझा पाय दाबला. दार काढलं, अब्रू गेली, लोकांनी डॉक्टरची चौकशी केली, आणि हा कप घेऊन उभा.

दार नसल्याचा फायदा म्हणा, तोटा म्हणा, माणसं यायला लागली. काकू वासाने आल्या आणि "मी फक्त बघायला आले" म्हणत बसल्या. वरचे आजोबा काही वाईट झालंय का बघायला आले आणि बसले. हिने प्रत्येकापुढे ताट ठेवलं. लंबूने सगळ्यांना मुठीचा कायदा समजावून सांगितला, त्यामुळे तेवढी एक जागा सोडून सगळ्या जागा भरल्या. सासूबाई खिडकीपाशी उभा राहून चहा पीत होता. इतका वेळ चहा पुरतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी सेक्रेटरी आले. दाराची कुठली बाजू वर आहे याची खात्री केली, समाधानाने मान हलवली आणि उरलेल्या जागी, मुठीपाशी बसले.

"तिथे बसलात तर सगळ्यांची भांडी घासावी लागतात," काकू हसून म्हणाल्या.

"त्यात काय," सेक्रेटरी म्हणाले, "एकदा पाण्याखाली धरली की झालं."

खिडकीपाशी कप बशीत आपटल्याचा आवाज आला.

"एकदा पाण्याखाली?" सासूबाई म्हणाला.

"हो. फार चिकट असेल तर दोनदा."

सासूबाईने कप खिडकीत ठेवला आणि सेक्रेटरींच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. मिशी थरथरत होती.

"उठा."

"का?"

"ती माझी जागा आहे."

सेक्रेटरी आयुष्यात नियमाशिवाय कशालाही घाबरले नसतील, पण उठले. आजोबांच्या बाजूला सरकले. सासूबाई गुडघे धरून, कण्हत खाली बसला. "पुन्हा मीच का," असं तो म्हणाला, अगदी हळू, आणि लंबूने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. सासूबाईने समोरचं ताट उचललं, उजेडात तिरकं धरलं, खिशातल्या रुमालाने पुसलं आणि हिच्यापुढे केलं.

हिने भात वाढला.

तो जेवला. मान खाली घालून जेवला, पण बसून जेवला. समोर काकू होत्या, आजोबा होते, मोजपट्टीवर सांडलेला रस्सा पुसणारे सेक्रेटरी होते. मधेच त्याने दारावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "ती विचारायची, दारावर जेवायचात म्हणजे नेमकं कसं? मला कधी नीट सांगताच आलं नाही."

ऊन दारावर आलं होतं, ताटांच्या कडा चमकत होत्या. क्षणभर मला खालून इस्त्र्यांचा आवाज आल्यासारखा वाटला.

"मीठ कमी आहे," सासूबाई म्हणाला आणि दुसऱ्यांदा भात मागितला.

सगळी भांडी त्याने घासली, पुसली, वर आमच्या ओट्याची परिस्थिती हिला ऐकवली. मग उघड्या घरातून जाणं बरं नव्हे म्हणून थांबला. सुतार येण्याचं चिन्ह नव्हतं. लंबूने कोपऱ्यावरच्या दुकानातून स्क्रू आणले आणि संधिप्रकाशात आम्ही तिघांनी दार चढवलं. सासूबाई सूचना करत होता, लंबू त्या पाळत होता आणि मी दाराखाली होतो. बिजागऱ्यांनी बरीच कुरकुर केली, पण दार बसलं. आम्ही तिघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या.

रात्री दमून दार नुसतं लोटून झोपलो, सकाळी उजाडलं तेव्हा कळलं. दार आम्ही उलटं लावलं होतं, म्हणजे दोन्ही अर्थांनी. वरचं खाली आणि आतलं बाहेर. माझ्या नावाची पाटी डोक्यावर उभी राहून माझ्याच सोफ्याकडे बघत होती. कडी जिन्यात गेली, त्यामुळे आम्हांला कोणीही कोंडू शकत होतं. बघायचं भिंग गुडघ्याएवढ्या उंचीवर आलं आणि त्यातून बाहेरच्यांना घर दिसायला लागलं. सेक्रेटरी आले, त्यांनी मोजलं आणि म्हणाले, "सोसायटीची बाजू तुमच्या घरात आलीय आणि तुमची बाजू आमच्याकडे. यावर बैठक घ्यावी लागेल." ती व्हायची आहे.

सुतार पुढच्या आठवड्यात आला, स्क्रू परत घेऊन. "फिरवून देतो," म्हणाला. ही म्हणाली, "जरा राहू द्या." मीही मान हलवली. जेवायचं टेबल गोळ्यांना आणि घड्याळाला देऊन टाकलंय, आम्ही आता जमिनीवरच बसतो. अंधार करून बसलं की त्या भिंगातून जिन्यातला उजेड येतो आणि दारात खाली एक छोटा ठिपका चमकत राहतो. बरं वाटतं.

पुढच्या रविवारी लंबू आला होता. सासूबाईला मी बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर तो चहाच म्हणाला असता. पावसाळी दुपार होती, लंबू, ही आणि मी ताटं घेऊन बसलो, हिने भात वाढला. पहिला घास घेणार एवढ्यात दारातला तो ठिपका विझला.

बेल वाजली नाही, कडीही नाही. दाराच्या खालच्या बाजूला कोणीतरी गुडघ्यांवर आलेलं होतं आणि धापा टाकत होतं. मग मिशीतून गाळून आलेला आवाज आला.

"लंबूच्या ताटाला पाणी आहे. भात परत टाका. आणि एक ताट कमी आहे."

ही फडकं घेऊन आधीच उठली होती.